जुनी कस्टम शिकारी रायफल: तिचं मूळ कसं शोधायचं

जुनी, कुणीतरी खास बनवून घेतलेली शिकारी रायफल हातात आली की नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "ही कुणी बनवली?" प्रश्न साहजिक आहे, पण त्याच्यापासून सुरुवात केली तर बहुतेक वेळा चुकीचं उत्तर मिळतं. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या रायफलीचा जन्म एका ठिकाणी, एका वर्षी झालेला असतो. कस्टम रायफलीचं तसं नसतं. तिची ॲक्शन, म्हणजे काडतूस भरून झाडणारी यंत्रणा, एखाद्या देशाच्या सैन्यासाठी बनलेली असते, नळी वीस वर्षांनी दुसऱ्याच गावात बसवलेली असते, दस्ता, म्हणजे लाकडी भाग, तिसऱ्या कारागिराने घडवलेला असतो आणि दुर्बिणीचं माउंट चौथ्याने लावलेलं असतं. म्हणून प्रत्येक भागाला वेगळा प्रश्न विचारायचा: तू कुठला आणि कधीचा? ही उत्तरं जुळवत गेलं की रायफलीचा इतिहास आपोआप उभा राहतो. या लेखात ते काम ज्या क्रमाने करावं, तो क्रम सांगितला आहे.

आधी रायफल रिकामी आहे ना ते पाहा

बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडा, मॅगझिन पाहा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, नजर टाका आणि करंगळीने चाचपूनही खात्री करा. मग बोल्ट काढून बाजूला ठेवा. रायफलीची ओळख पटेपर्यंत आणि जाणत्या गनस्मिथने ती तपासेपर्यंत तिच्यातून एकही गोळी झाडायची नाही. ही औपचारिक सूचना नाही. जुन्या रायफलीवर लिहिलेलं कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, आणि तिचं आजचं चेंबर वेगळं असणं अगदी नेहमीचं आहे. कायद्याची बाजूही याच टप्प्यावर पाहून घ्या. परवाना, नोंदणी आणि नंबर यांबद्दल तुम्ही राहता तिथला कायदा काय सांगतो ते माहीत करून घ्या. नंबर मुद्दाम खोडलेला दिसला तर तपास तिथेच थांबवा आणि आधी कायदेशीर सल्ला घ्या. खोडलेला नंबर ॲसिडने वर आणण्याच्या भानगडीत कधीही पडू नका.

साफसफाई करू नका

हात शिवशिवतात, हे समजू शकतं. पण पॉलिश पेपर, गंज काढायची रसायनं, पोलाद निळं-काळं करणाऱ्या ब्लूइंगच्या बाटल्या सगळं दूर ठेवा. मऊ कापडावर हलकं तेल घेऊन पुसलं तरी पुरे. ज्या ठशांवरून रायफलीचं मूळ कळणार आहे ते मिलिमीटरच्या अंशाएवढे खोल असतात आणि एका दुपारच्या उत्साहात कायमचे जातात.

सामान थोडंच लागतं: एक भिंग, एक लहान टॉर्च, मोजायला व्हर्निअर कॅलिपर, एक वही, कॅमेरा आणि खाचेत घट्ट बसणारे चांगले स्क्रूड्रायव्हर. शेवटच्या गोष्टीत काटकसर करू नका. जुन्या रायफलींच्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात. साधा निमुळता स्क्रूड्रायव्हर त्यातून सटकला की स्क्रूचं डोकंही जातं आणि शेजारचं नक्षीकामही. उत्तम ब्रिटिश कामात सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत सरळ लावलेल्या असतात. तशा दिसल्या तर आधी फोटो घ्या, मगच हात लावा. एखादीच खाच वाकडी आणि कडेला फाटलेली असेल तर तो भाग नंतर कुणीतरी उघडलेला आहे. ही नोंदही वहीत हवी.

ठसे वाचताना टॉर्च समोरून धरू नका. जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून, आडवा प्रकाश टाका. समोरून नुसता ओरखडा वाटणारी खूण आडव्या उजेडात मुकुट किंवा अक्षर होऊन दिसते.

ॲक्शन: इथून सुरुवात

बोल्ट ॲक्शनच्या जुन्या कस्टम रायफलींमध्ये सर्वाधिक दिसते ती १८९८ ची माउझर, म्हणजे माउझर ९८. ती ओळखणं सोपं आहे. बोल्टच्या उजव्या अंगाला काडतुसाचं कवच बाहेर ओढणारा लांब, स्प्रिंगसारखा एक्स्ट्रॅक्टर असतो. बोल्टच्या तोंडाशी दोन लग, म्हणजे बोल्ट घट्ट अडकवणारे दात, असतात आणि मागे, हँडलजवळ तिसरा सुरक्षा लग असतो. बोल्ट उघडतानाच स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, ताणला जातो. त्याआधीच्या १८९३, १८९५, १८९६ च्या माउझरांमध्ये तिसरा लग नसतो आणि बोल्ट बंद करताना जोर लावून स्ट्रायकर ताणावा लागतो. शंका राहिली तर रिसीव्हरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्याचा, पुढचा गोल भाग, म्हणजे रिंग, मोजा. लार्ज रिंग माउझरचा व्यास सुमारे ३५.८ मिलिमीटर भरतो, स्मॉल रिंगचा सुमारे ३३. जुन्या स्मॉल रिंग ॲक्शन कमी दाबाच्या काडतुसांसाठी बनल्या होत्या. कुणी त्यांच्यावर पुढे जोरदार काडतुसाची नळी बसवली असेल तर ती नोंद इतिहासासाठी आणि सुरक्षिततेसाठी, दोन्हींसाठी लागते.

माउझर आहे एवढ्यावर थांबू नका. ती सैन्याची की कारखान्याने शिकारीसाठी बनवलेली, हा पुढचा प्रश्न. सैनिकी ॲक्शनच्या डाव्या भिंतीला अंगठ्यासाठी गोलसर खाच असते, कारण क्लिपमधली काडतुसं अंगठ्याने खाली दाबायची असत. मागच्या ब्रिजवर, म्हणजे बोल्टवरून पुलासारख्या जाणाऱ्या भागावर, क्लिप धरण्यासाठी उंचवटा असतो. चांगला कारागीर हा उंचवटा घासून सपाट करी, पण खाच सहसा राहते. रिसीव्हर रिंगवरचं राजचिन्ह घासलेलं असलं तरी आडव्या प्रकाशात त्याची सावली बऱ्याचदा सापडते. डाव्या कडेवर कारखान्याचं नाव असू शकतं: बर्लिनची डीडब्ल्यूएम, ओबर्नडॉर्फची माउझर, ब्रनोची चेकोस्लोव्हाक झ्ब्रोयोव्का. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ॲक्शनवर नावाऐवजी सांकेतिक अक्षरं असतात. उदाहरणार्थ, बीवायएफ म्हणजे माउझरचा ओबर्नडॉर्फ कारखाना आणि डीओटी म्हणजे ब्रनो. सोबत वर्षाचे आकडेही असतात.

काही सैनिकी ॲक्शनना कस्टम कारागिरांमध्ये विशेष मान होता. १९०९ ची अर्जेंटिनाची ॲक्शन डीडब्ल्यूएमने बनवली. तिचं फिनिश सुरेख आणि मॅगझिनचं झाकण बिजागरीचं, चापाच्या कड्यात लहान कळ असलेलं. असं झाकण दिसलं की हे नाव मनात यायलाच हवं. दोन्ही ब्रिज चौकोनी ठेवलेली डबल स्क्वेअर ब्रिज ॲक्शन मात्र सैन्याची नव्हे. ती ओबर्नडॉर्फने शिकारी रायफलींसाठी केली, त्या चौकोनी ठोकळ्यांत दुर्बिणीचं माउंट बसवता यावं म्हणून. माउझरची लांब मॅग्नम ॲक्शन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रिग्बी या बंदुकांच्या पेढीमार्फत ब्रिटिश बाजारात आली. १९११ चं .४१६ रिग्बी काडतूस तिच्यासाठीच.

अमेरिकन कस्टम रायफलींचा दुसरा मोठा आधार म्हणजे १९०३ ची स्प्रिंगफील्ड. रिसीव्हर रिंगवर शस्त्रागाराचं नाव आणि नंबर असतो, आणि डाव्या बाजूला मॅगझिन बंद-चालू करणारी कळ असते. इथे नंबर फार नीट वाचा. स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराच्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या खालच्या नंबरांचे रिसीव्हर जुन्या पद्धतीच्या हीट ट्रीटमेंटमुळे ठिसूळ असू शकतात. असे रिसीव्हर फुटल्याच्या नोंदी आहेत. तरीही त्यांच्यावर देखण्या शिकारी रायफली बांधल्या गेल्या. अशी रायफल भिंतीवर शोभते, पण ती झाडू नये.

१९१४ च्या ब्रिटिश पॅटर्नची रायफल आणि त्यापासून निघालेली १९१७ ची अमेरिकन रायफल विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडीस्टोन या अमेरिकन कारखान्यांत बनली. नेम धरायच्या मागच्या साइटचे दोन मोठे कान घासून कारागीर तिला शिकारी रूप देत. कान गेले तरी मागे वाकलेलं बोल्ट हँडल ओळख देतं. ब्रिजच्या माथ्यावर भरलेल्या खड्ड्याची फिकट कडा भिंगातून दिसली तर खात्रीच पटते. मानलिखर-शोनाउअर तर एका नजरेत कळते: मागचा ब्रिज मधोमध चिरलेला, बोल्टचं हँडल त्या चिरेतून पुढे जाणारं आणि मॅगझिन फिरत्या चक्राचं.

दस्ता उतरवा: खरी माहिती खाली असते

बोल्ट बाहेर असताना, खालचे दोन मुख्य स्क्रू सोडवून ॲक्शन सरळ वर उचला. ओढाताण करू नका. नळी एखाद्या बँडने किंवा फोरएंडमधल्या, म्हणजे दस्त्याच्या पुढच्या भागातल्या, छुप्या स्क्रूने बांधलेली असू शकते, तो आधी शोधा. हे काम हाताबाहेरचं वाटलं तर गनस्मिथकडून करून घ्या, पण हा टप्पा टाळू नका. नळीचा वरचा भाग गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी असे. खालच्या भागावर कारागिरांनी एकमेकांसाठी आणि सरकारी तपासनिसासाठी लिहून ठेवलेलं असतं.

सर्वांत बोलके असतात ते प्रूफचे शिक्के. युरोपात बहुतेक देशांत विकण्याआधी प्रत्येक बंदुकीची जास्त दाबाच्या काडतुसाने चाचणी होई आणि उत्तीर्ण झाली की शिक्का बसे. कुठल्या देशाची प्रूफ आहे, हे कळलं की तपास अर्ध्यावर येतो.

जर्मनीत १८९१ च्या कायद्यानंतर मुकुटाखाली अक्षरं येऊ लागली. मुकुटाखाली यू म्हणजे अंतिम तपासणी झाली, मुकुटाखाली जी म्हणजे रायफलिंगची, आत पीळदार खाचा असलेली, नळी, मुकुटाखाली एन म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी. १९३९ च्या कायद्याने मुकुट गेला आणि १९४० पासून गरुड आला. त्यामुळे गरुडाखाली एन असेल तर नळीची ती चाचणी १९४० किंवा नंतरची आणि मुकुट असेल तर त्याआधीची. शिक्क्यांजवळ ५.२७ असे आकडे असतील तर ते मे १९२७, म्हणजे चाचणीचा महिना आणि वर्ष. १७२.२८ सारखा विचित्र आकडाही भेटेल. तो नळीच्या छिद्राचं माप बोअरच्या जुन्या गेज-पद्धतीत सांगतो. त्याला सीरियल नंबर समजून पत्रव्यवहार करत बसलेले लोक पुष्कळ आहेत. पुढच्या काळातल्या पश्चिम जर्मन नळ्यांवर गावाची खूण असते: उल्मसाठी सांबराचं शिंग, बर्लिनसाठी अस्वल. वर्षासाठी दोन अक्षरं: ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असं पुढे, आय म्हणजे ८ आणि के म्हणजे ९. आय-सी दिसलं तर ते १९८२.

ब्रिटनमध्ये प्रूफ हाऊस दोन. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. मुकुटाखाली गुंतवलेली जी-पी अक्षरं लंडनची, मुकुटाखाली बी-पी बर्मिंगहॅमची. १९०४ पासून एन-पी, म्हणजे धूरविरहित दारूची नायट्रो प्रूफ, दिसू लागते. बर्मिंगहॅमच्या नळीवर वर्तुळातलं एकच अक्षर दिसलं तर ते तपासणीच्या वर्षाचं. १९२१ ला ए पासून ती मालिका सुरू झाली. ब्रिटिश नळीवर कॉर्डाइट (एक धूरविरहित दारू) हा शब्द, दारूचं वजन आणि गोळीचं वजन ग्रेन या वजनी मापात कोरलेलं असतं. हे काडतुसाचं कमाल प्रमाण आहे. मूळ काडतूस कोणतं होतं याचा हा उत्तम पुरावा, तो अक्षर न अक्षर उतरवून घ्या. आणखी एक शिक्का लक्षात ठेवा. परदेशी बनावटीची बंदूक ब्रिटनमध्ये विकायला आली की तिच्यावरही ब्रिटिश प्रूफ बसे, आणि १९२५ नंतरच्या काही दशकांत त्याबरोबर ही इंग्लिश बनावट नाही असं स्पष्ट सांगणारी इंग्रजी ओळही. म्हणजे नुसती ब्रिटिश प्रूफ पाहून रायफल ब्रिटिश ठरवता येत नाही.

बेल्जियममधल्या लिएजची खूण म्हणजे अंडाकृती चौकटीत ई-एल-जी. त्या चौकटीवर मुकुट १८९३ पासून आला. अमेरिकेत सरकारी प्रूफ हाऊस नाही, प्रत्येक कारखान्याची स्वतःची खूण असते. पण तिथल्या नळ्यांनाही तारीख असते. स्प्रिंगफील्डच्या सैनिकी नळीवर पुढच्या साइटच्या मागे एस-ए, ज्वाला निघणारा बाँबगोळा आणि महिना-वर्ष असतं. शिकारी रूप देताना त्यावर साइटचा रॅम्प बसवलेला असू शकतो, म्हणून रॅम्पच्या कडेला भिंग लावा. रेमिंग्टनने १९२१ पासून महिन्यासाठी इंग्रजीतल्या ब्लॅकपावडर या शब्दाची अक्षरं आणि शेवटी एक्स अशी सांकेतिक लिपी वापरली: बी म्हणजे जानेवारी, एल म्हणजे फेब्रुवारी, असं करत एक्स म्हणजे डिसेंबर.

आता नवख्यांना हमखास चकवणारी गोष्ट. नळीवर क्रुप, बोहलर किंवा पोल्डी असं ठळक नाव दिसतं आणि माणूस सांगत सुटतो की रायफल क्रुपची आहे. ही पोलाद बनवणाऱ्यांची नावं आहेत. कारागीर चांगल्या पोलादाची जाहिरात म्हणून ती नळीवर टाकत असे. रायफल कुणी घडवली हे त्यावरून कळत नाही. खरा कारागीर बहुधा नळीच्या पोटावर, दोन-तीन आद्याक्षरांत लपलेला असतो. जर्मनीतल्या झूलसारख्या गावांत नळी करणारा, ॲक्शन बसवणारा आणि दस्ता करणारा हे वेगवेगळे लोक असत आणि वरचं नाव बऱ्याचदा विकणाऱ्या दुकानदाराचं. बर्मिंगहॅमचंही तेच. कित्येक नामांकित दुकानांच्या रायफली तिथल्या कार्यशाळांत तयार होत.

कॅलिबर वाचू नका, मोजा

नळीवरचं कॅलिबर हा दावा आहे. चेंबर पुढे दुसऱ्या काडतुसासाठी रीमर या भोक वाढवणाऱ्या हत्याराने वाढवलेलं असू शकतं. खरं काय ते चेंबरचा साचा घेऊन कळतं. सेरोसेफ नावाचा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओततात. थंड होताना तो आधी किंचित आकसतो, मग पुन्हा फुगू लागतो, आणि ओतल्यानंतर साधारण तासाभराने त्याचं माप चेंबरच्या मापाशी जुळतं. मोजायचं ते त्याच वेळी. हे काम पहिल्यांदा गनस्मिथच्या देखरेखीखाली करा.

जर्मन ८×५७ च्या बाबतीत हे सर्वांत महत्त्वाचं. जुन्या जे नळीसाठी गोळीचा व्यास .३१८ इंच आणि एस नळीसाठी .३२३ इंच. अरुंद नळीत जाड गोळी झाडली की दाब धोकादायक वाढतो. काडतुसाच्या खुणेत एस हे अक्षर नसेल तर नळी मोजल्याशिवाय काहीच गृहीत धरू नका.

काडतुसाचं जन्मवर्ष तुम्हाला खालची मर्यादा देतं. .३०-०६ आलं १९०६ मध्ये, .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम १९१२ मध्ये, .२७० विंचेस्टर १९२५ मध्ये, .३०८ विंचेस्टर १९५२ मध्ये, .४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ मध्ये, ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम १९६२ मध्ये. .२७० ची नळी असलेली रायफल १९२० ची आहे असं कुणी सांगितलं तर निदान आजची नळी तरी त्या काळची नाही.

रायफलिंगच्या खाचाही मोजा. १९१७ च्या अमेरिकन नळीत पाच खाचा असतात आणि त्या डावीकडे वळतात. स्प्रिंगफील्डच्या जुन्या नळीत चार, तर दुसऱ्या महायुद्धात घाईने बनलेल्या काही नळ्यांत दोनच. टोकाकडून टॉर्च लावून मोजायला क्षणभर लागतो, आणि नळी मूळची की बदललेली याचा एक धागा मिळतो.

दस्ता: कारागिराचं हस्ताक्षर

दस्त्याची शैली देश सांगते, आणि बऱ्याचदा दशकही. ब्रिटिश रायफलीत फोरएंडच्या टोकाला शिंग, पट्ट्याचं पुढचं कडं लाकडाऐवजी थेट नळीवर, आणि मागे घडीच्या पानांची एक्सप्रेस साइट. जर्मन-ऑस्ट्रियन कामात फोरएंडचं टोक चोचीसारखं वळलेलं, दोन चाप, चापाचं कडं शिंगाचं, बोल्टचं हँडल लोण्याच्या सुरीसारखं चपटं आणि नळी अर्धी अष्टकोनी. अमेरिकन शैलीची दोन घराणी मानावीत. एक संयमी: सरळ रेषेचा दस्ता, कडेला बारीक सावलीची रेघ असलेला गालाचा उंचवटा, मुठीच्या टोकाला पोलादी ग्रिप-कॅप. दुसरं दुसऱ्या महायुद्धानंतरचं भपकेदार: मॉन्टे कार्लो नावाची, गाल टेकायची उंच कड, तिरपं फोरएंड-टोक, मध्ये पांढऱ्या पट्ट्या, लाकडात बसवलेले चौकटीचे तुकडे.

अमेरिकेत स्प्रिंगफील्डला शिकारी रूप देण्याचं काम लॉस एंजेलिसच्या लुडविग वुंडहॅमर यांनी १९१० मध्ये सुरू केलं. तळहात भरून येईल असा ग्रिपवरचा फुगवटा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. मात्र फुगवटा आहे म्हणून दस्ता त्यांचाच, असं नाही. अनेकांनी तो उचलला. मिशिगनमधल्या डोवॅजिॲक इथल्या नीडनर या कारागिराच्या, दस्त्याच्या मागच्या टोकावर बसणाऱ्या, चौकडी कोरलेल्या पोलादी बटप्लेटचंही तसंच. ती सुटी विकत घेऊन इतरांनीही लावली.

आता दस्ता उलटा करा आणि आतली खोबण पाहा. इथे थोडा जास्त वेळ द्या. हाताने कोरलेल्या खोबणीत छिन्नीचे लहान, नियमित घाव दिसतात. लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये कागद जाईल एवढीही फट नसते. पोलाद कुठे टेकतं हे पाहण्यासाठी लावलेल्या काजळीचा काळा अंश कोपऱ्यांत राहिलेला असतो. उलट, गोल कटरच्या समांतर रेघा आणि कोपऱ्यांत ओबडधोबड वाढवलेली जागा दिसली तर तो अर्धवट कोरून विकला जाणारा दस्ता. मिझुरीतल्या वॉर्सॉ इथले बिशप आणि फायेन असे दस्ते मोठ्या प्रमाणावर विकत, आणि युद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या सैनिकी रायफलींवर लोक ते घरी बसवत. नळीच्या खोबणीत आणि बटप्लेट काढून तिच्याखाली पेन्सिलीची अक्षरं शोधा. दस्ता करणारे तिथे सही, गिऱ्हाइकाचं नाव किंवा कामाचा नंबर लिहीत. ते पुसू नका, बोटही फिरवू नका, फक्त फोटो घ्या.

चेकरिंगकडे, म्हणजे पकडीसाठी लाकडावर काढलेल्या चौकडीकडे, भिंगातून पाहा. हाताने कोरलेले हिरे टोकदार असतात, आणि कडेला एखादी रेघ किनारीच्या बाहेर किंचित सरकलेली सापडते. दाबून उठवलेलं चेकरिंग कारखान्याचं, आणि ते १९६० च्या दशकात सर्रास झालं.

साइट, माउंट आणि भोकं

दुर्बिणीचं माउंट बहुतेक वेळा रायफलीपेक्षा तरुण असतं. न्यू यॉर्कची ग्रिफिन अँड हाऊ ही पेढी १९२३ मध्ये सुरू झाली, आणि तिचं बाजूने बसणारं, कळीने सुटणारं माउंट नावाजलेलं आहे. पण ती पेढी दुसऱ्यांच्या रायफलींवरही माउंट बसवून देत असे. नाव फक्त माउंटवर असेल तर माउंट त्यांचं, एवढंच म्हणा. संपूर्ण रायफल त्यांची असेल तर नळीवर नाव आणि त्यांचा नंबर अपेक्षित आहे. नखीसारख्या हुकांनी अडकणाऱ्या जर्मन माउंटमध्ये, म्हणजे क्लॉ माउंटमध्ये, दुर्बिणीच्या पायांवर रायफलीचा नंबर कोरलेला आहे का ते पाहा. असेल तर दोघांची जोडी जुनी. रिसीव्हरवर भरून टाकलेली भोकं दिसली तर किती, कुठे, किती अंतरावर हे वहीत काढून ठेवा. बोल्टचं हँडल वाकवून खाली आणलेलं असेल तर ते बहुधा दुर्बिणीला जागा करून देण्यासाठी.

नाव, पत्ता आणि कोरलेली पाटी

नळीवरचं नाव आणि पत्ता आता वाचा, सगळ्यात शेवटी. आधी वाचला की मन तिथेच अडकतं. पत्ता स्वतःच तारीख सांगतो, कारण दुकानं जागा बदलत. हॉलंड अँड हॉलंड १९६० मध्ये लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवरून ब्रूटन स्ट्रीटला गेली. त्यामुळे ९८ न्यू बाँड स्ट्रीट कोरलेली नळी त्याआधीची. जर्मनी आणि पश्चिम जर्मनी यांत फरक करा, दुसरं नाव १९४९ नंतरचंच. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानंतर आयातदाराचं नाव शस्त्रावर कोरणं बंधनकारक झालं. तसा ठसा आढळला तर तो रायफल अमेरिकेत कधी आली याचा अंदाज देतो, तिच्या जन्माचा नव्हे.

दस्त्यात बसवलेली लहान चांदीची पाटी रिकामी असते किंवा तिच्यावर आद्याक्षरं असतात. क्वचित ती सगळंच सांगते. जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी याचं नामी उदाहरण. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती भेट दिली, हे तिच्या पाटीवरच कोरलेलं आहे. अशी पाटी मिळाली तरी पाटीवरची तारीख आणि नळीच्या प्रूफची तारीख एकमेकींशी जुळतात का ते पाहा. पाटी नंतर बसवणं अवघड नाही.

जुळवणी

वहीत प्रत्येक भागासमोर तीन गोष्टी लिहा: काय दिसलं, त्यावरून काय ठरतं, आणि ते खात्रीचं की अंदाजाचं. समजा तुमच्यासमोर अशी रायफल आहे: डीडब्ल्यूएमची ॲक्शन, बिजागरीचं झाकण, रिंगवरचं चिन्ह घासलेलं. नळी .२७० ची, युरोपीय प्रूफ कुठेच नाही. दस्ता अक्रोडाचा, खोबण हाताने कोरलेली, बटप्लेटखाली पेन्सिलीने आद्याक्षरं. मागे मात्र पांढऱ्या रेघेचं रबरी पॅड, आणि पॅडच्या कडेला लाकूड नव्याने घासलेलं. यातून काय निघतं? ॲक्शन १९०९ च्या अर्जेंटिनाच्या धाटणीची, खात्रीने. नळी १९२५ नंतरची, खात्रीने. बांधणी अमेरिकेत, बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतर, हा अंदाज. दस्ता कसलेल्या कारागिराचा, नाव अज्ञात, आद्याक्षरं नोंदवली. पॅड नंतरचं, दस्त्याची लांबी बदललेली. यात कुणाचंही मोठं नाव आलं नाही, तरी आता या रायफलीबद्दल खूप काही माहीत आहे. विकणारा तिला एखाद्या प्रसिद्ध कारागिराच्या नावावर खपवू लागला, तर कुठला पुरावा मागायचा हेही तुम्हाला ठाऊक आहे.

नंबर आणि नाव दोन्ही मिळाले असतील तर पेढीला लिहा. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, ग्रिफिन अँड हाऊ यांच्याकडे जुन्या विक्रीच्या नोंदी आहेत आणि शुल्क घेऊन त्या पाहून मिळतात. पत्रात "माझी रायफल काय किमतीची?" असं विचारू नका. पूर्ण नंबर, नळीवरचा मजकूर जसाच्या तसा, मोजलेलं कॅलिबर, आणि नळीच्या पोटावरच्या ठशांचे स्वच्छ फोटो पाठवा. मूळ गिऱ्हाइकाचं नाव, ऑर्डरची तारीख आणि तेव्हाचं कॅलिबर यांची नोंद मागा. उत्तर आलं की नोंदीतलं कॅलिबर आणि दस्त्याचं वर्णन तुमच्या वहीशी ताडून पाहा. जिथे फरक पडेल तिथे तो भाग पुढे बदललेला आहे असं वहीत लिहा. पत्राची एक प्रत रायफलीच्या पेटीत ठेवा आणि मूळ पत्र वेगळ्या जागी.